पॅन्टवरचं ते फूल नाही, बोंड आहे म्हणे. कोणाला माहिती आहे का?

वणीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. प्रश्न कपड्याचा आहे, पण जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात पुण्यात रस्त्यावरच्या गाड्यावरून एक जीन्स घेतली. हजार सांगितले होते, साडेसहाशेला तुटली. निळी, सरळ पायाची, आणि दोन्ही मांड्यांवर व मागच्या बाजूला पांढऱ्या फुलांची गोल चक्रं छापलेली. माझ्या ऑफिसातल्या दोघांकडे तसलीच आहे, रीलमध्ये तर रोज दिसते. मला वाटलं पांढरे गुलाब असतील, नाहीतर आपलं काहीतरी डिझाइन. एवढा विचार कोण करतो?

दिवाळीला गावी गेलो. गाव वणी तालुक्यात, घरची चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. पॅन्ट धुऊन अंगणात दोरीवर टाकली होती. आई वेचणीवरून आली, हातपाय धुतले, आणि चहा न घेताच दोरीपाशी जाऊन उभी राहिली. पॅन्टचा पाय हातात धरून बघत होती. मला वाटलं डाग दिसला.

म्हणाली, "हे काय होय?"
मी म्हटलं, "फुलं आहेत."
"फूल थोडी होय रे हे! बोंड होय न पऱ्हाटीचं. फुटेल बोंड."

मग मी पहिल्यांदा नीट पाहिलं. खरंच बोंड. चार पाकळ्यांतून बाहेर आलेला कापूस, खाली टरफलाची वाळकी टोकं, देठ, पान. तीच टोकं, जी वेचताना नखांच्या कडेला घुसतात. आईच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना आत्ताही चिरा आहेत, त्यात ती रात्री खोबरेल भरते. लहानपणापासून ज्या झाडात वाढलो ते मला पॅन्टवर ओळखू आलं नाही, ही लाज वेगळीच.

आईचा दुसरा प्रश्न असा, "पण कापूस पॅन्टवर कायले काढला कोनं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाबा ओसरीवरून म्हणाले, "व्यापारी हमीभावाच्या खाली मांगते. घरात कापूस पडून हाय अन् हा साडेसहाशे देऊन कापसाचं चित्र आनते." त्यावर तर काहीच उत्तर नव्हतं.

मागच्या पट्टीवर दोन नावं आहेत, एक लीव्हाइज आणि दुसरं डेनिम टीअर्स. माल नकली आहे हे मला माहीत आहे, त्यावरून टोमणे नकोत. मला एवढंच विचारायचं आहे की अस्सल पॅन्ट काढणाऱ्याने कापूस का काढला, आणि त्याचा जो काही अर्थ असेल तो कळल्यावर ही पॅन्ट घालावी की नको?

चहाबिस्किट

डेनिम टीअर्सच. इन्स्टावर सगळ्यांकडे आहे. अस्सल आपल्या पगारात येत नाही भावा, साडेसहाशेची घाल आणि मजा कर. पॅन्टीला कसला अर्थ?

कटिंगमास्तर_कॅम्प५

पोरा, अर्थ आहे. आणि तो मलाही उशिरा कळला, म्हणून लिहायला बसलोय. माझं टायपिंग हळू आहे, मध्ये कोणी घुसू नका.

मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एकतीस वर्षं जीन्स कापली. आमच्या मालावर 'मेड इन यूएसए' असायचं आणि लोक हसून सांगायचे, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. तो विनोद तुम्ही ऐकला असेल, आम्ही त्यावर घर चालवलं. त्यामुळे नकली मालाबद्दल मी कोणाला शहाणपण शिकवणार नाही.

रिटायर व्हायच्या आधीच्या वर्षी एक पार्टी हाच प्रिंट घेऊन आली होती. फिल्म टेबलावर पसरली. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "फ्लॉवर है मास्टर, चल रहा है." मी बाराशे पीस कापले. पाय शिवायच्या आधी सुट्या पॅनलवर प्रिंट मारायचा असतो, म्हणून चक्र कुठे बसेल त्याची खूण मी स्वतः खडूने केली. बाराशे पीसचे पुढचे पाय म्हणजे चोवीसशे. चोवीसशे वेळा त्या बोंडावर हात फिरवला आणि मला ते बोंड दिसलं नाही. तुझ्या आईला दोरीवर लांबून दिसलं. मी मुंबईच्या डोंगरीत वाढलो, कापूस गादीतला पाहिलाय फक्त.

पुढे मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा कळलं. ते असं.

ट्रिमेन एमरी नावाचा काळा अमेरिकन डिझायनर आहे, डेनिम टीअर्स ही त्याची कंपनी. इंग्रजीत 'टीअर्स' शब्दाची अक्षरं तीच ठेवून अश्रूही वाचता येतं आणि फाटणंही. हा वाढला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, पण घराण्याची मुळं दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी तिथे कापूस वेचलेला. २०२० च्या जानेवारीत त्याने लीव्हाइजबरोबर त्यांची '५०१' नावाची जीन्स आणि ट्रकर जॅकेट काढलं आणि त्यावर हे चक्र छापलं. निमित्त होतं ४०० वर्षांचं. १६१९ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला एका जहाजातून वीसेक आफ्रिकन माणसं उतरवली आणि अन्नधान्याच्या बदल्यात विकली. इंग्रजांच्या त्या वसाहतीतल्या गुलामीची सुरुवात तिथून धरतात.

आता चक्राकडे बघ. आपण हार घालतो, तोरण बांधतो, पण असं गोल चक्र आपल्याकडे कधी येतं? शहीद जवानाला वाहतात ते, पुष्पचक्र. तिकडेही ते श्रद्धांजलीला वाहतात, जिंकलेल्याच्या डोक्यावर ठेवतात आणि नाताळात दाराला लावतात. एमरीने त्यात फुलांच्या जागी बोंडं बसवली. ज्या पिकासाठी माणसं विकत घेतली, त्याच पिकाचं पुष्पचक्र, त्याच माणसांसाठी. आणि तेही जीन्सवर, म्हणजे कापसाच्याच कापडावर. पांढरं चित्र बघून खुश होणाऱ्याला फूल दिसतं. ज्याने वेचलंय त्याला पहिल्या नजरेत कळतं.

थांब, अजून आहे. माझा धंदा कापडाचा, म्हणून कापडाचं सांगतो.

गुलामांसाठी वेगळं जाडंभरडं कापड निघायचं, त्याला त्या काळी बाजारात सरळ 'नीग्रो क्लॉथ' म्हणत. साउथ कॅरोलायनात १७४० साली कायदाच केला होता की गुलामाने कोणत्या जातीचं कापड अंगावर घालायचं. त्या यादीत हे कापड होतं, ओस्नाबर्ग होतं, निळं लिनन होतं. त्याहून चांगलं अंगावर दिसलं तर कोणीही काढून घ्यावं. आणि नीळ? त्याच साउथ कॅरोलायनात त्याच दशकात निळीची शेती उभी राहिली, तीही गुलामांच्या हातांनी. नीळ म्हटलं की आपल्याला चंपारण आठवतं, १९१७. तिथलं पीक तेच, तंत्र तेच, कुजक्या पाण्याचा वासही तोच. तर जीन्समधला कापूस काढ, नीळ काढ, जाडं कापड काढ, काय उरतं? रिव्हेट आणि चेन.

रिव्हेटवरून आठवलं. लीव्हाइजच्या पॅन्टीत लपलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या काही दुःखाच्या नाहीत. जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, नेवाडातल्या रीनो गावचा. कामगारांचे खिसे कोपऱ्यात उसवायचे म्हणून त्याने तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले. पेटंटला पैसे नव्हते म्हणून कापड देणाऱ्या लीवाय स्ट्रॉसला भागीदार केलं, २० मे १८७३ ला पेटंट मिळालं. पुढे गिऱ्हाइकांची तक्रार आली की मागचे रिव्हेट खुर्च्या आणि घोड्याची खोगिरं ओरबाडतात, तर १९३७ मध्ये मागचे रिव्हेट कापडाच्या आत दडवले. पुढे १९६६ ला ते काढून त्या जागी नुसता बारटॅक, म्हणजे दाट दोऱ्याचा टाका, आला. दुसऱ्या महायुद्धात दोऱ्याची टंचाई, तेव्हा मागच्या खिशावरची ती पंखासारखी शिलाई रंगाने काढली. रंगाने! धुतली की जायची. मी हे वाचलं तेव्हा मला आमचेच दिवस आठवले.

आता जे सांगतो ते मात्र चांगलं नाही. २०२२ साली अमेरिकेत १८८० च्या दशकातली एक लीव्हाइज लिलावात ७६,००० डॉलरला गेली. सोडून दिलेल्या खाणीत सापडलेली, कमरेवर मेणबत्तीच्या मेणाचे डाग. तिच्या खिशाच्या अस्तरावर छापलेलं होतं की गोऱ्या कामगारांनी बनवलेला हा एकमेव माल. १८८२ ला चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणारा कायदा झाला होता, आणि त्या वातावरणात चिनी हात लागलेला नाही ही मालाची जाहिरात होती. कंपनीने पुढे ते सोडलं, आज स्वतःच कबूल करते. पण अस्तर! आम्ही खिशाचं अस्तर म्हणजे मिळेल ते सगळ्यात स्वस्त टीसी, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापड, टाकायचो, कारण तिथे कोणी बघत नाही. तिथे त्यांनी हे छापलं. आणि एकशे चाळीस वर्षांनी त्याच कंपनीच्या पॅन्टीवर, आत नाही, भर मांडीवर, एका काळ्या माणसाने कापसाचं पुष्पचक्र छापलं. त्याने लीव्हाइजच का निवडली असेल, ते मला अस्तराचं कळल्यावर समजलं. त्याच्या मनातलं मी सांगत नाही, माझ्यापुरतं सांगतोय.

तू विचारलंस घालावी की नको. त्यावर मी बोलायला लायक माणूस नाही. बाराशे.

पीचट्री_पार

मास्तर, नमस्कार. मी पंधरा वर्षं जॉर्जियात राहते, मूळची नाशिकची. तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, पण इथलं एक दृश्य घाला त्यात.

अटलांटातून सवानाला जाताना दक्षिणेकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही बाजूंना कापूस असतो. आधी पानं गळायचं औषध फवारतात, मग एक अजस्र यंत्र फिरतं आणि मागे पिवळ्या नाहीतर गुलाबी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे गोल भारे टाकत जातं. शेतात माणूस दिसत नाही. हाताने वेचणं इथे माझ्या वयाच्या लोकांनी पाहिलेलंच नाही. माझ्या कामावरच्या एका काळ्या सहकारी बाईंच्या आईने मात्र वेचलंय, पोरवयात, शाळा बुडवून.

आणि इथले लोक शरद ऋतूत दाराला काय लावतात? खऱ्या बोंडांचं चक्र! सजावटीच्या दुकानात बोंडांच्या फांद्या काचेच्या बरणीत घालून ठेवलेल्या असतात, "ग्रामीण घराचा लुक" म्हणून. मी नवीन असताना मला तर माहेरची आठवण येऊन ते घ्यावंसं वाटलं होतं. खानदेशातली मावशी आठवली. त्या सहकारी बाई माझ्यासोबत होत्या. त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "माझ्या आईला घरी येताना हे दारावर दिसलं तर ती आत येणार नाही." मी बरणी खाली ठेवली.

त्यामुळे ते चक्र एमरीने हवेतून आणलेलं नाही. इथल्या दारांवर ते आधीपासून लटकलेलंच आहे, गोड म्हणून. त्याने ते उचललं आणि अंगावर आणून ठेवलं.

पण माझी एक तक्रार आहे. आता ते चक्र स्वेटशर्टवर आहे, शॉर्टवर आहे, गुलाबी आहे, हिरवं आहे. माझ्या मुलीच्या शाळेत गोरी मुलं ते घालतात आणि विचारलं तर खांदे उडवतात. वेदना सांगायची आणि तीच विकायची, यात कुठेतरी खटकतंच. कंपनीचं काय, तिचा दोन्हीकडून फायदा.

कटिंगमास्तर_कॅम्प५

ताई, दारावरच्या चक्राचं मला माहीत नव्हतं. आता ते चित्र आणखी टोचलं.

खटकण्याचं म्हणाल तर खटकतं. पण एक सांगतो. १९६० च्या दशकात मिसिसिपीत मतदार नोंदवायला गेलेली काळी विद्यार्थी पोरं मुद्दाम डेनिमचे ओव्हरऑल घालायची, कुळाने शेती करणाऱ्या गरिबांबरोबर आहोत हे दिसावं म्हणून. तेव्हा त्यांच्याच घरची मोठी माणसं चिडली होती. आम्ही हे मजुराचं कापड अंगावरून उतरवायला जन्म घालवला, रविवारी कोट घालून चर्चला जायला शिकलो, आणि तुम्ही तेच परत चढवता? माझे वडील गिरणीत होते. मी पहिली जीन्स घालून घरी आलो तेव्हा म्हणाले, "खलाशाचा लेंगा कशाला घातलास?" त्यांना राग होता, मला फॅशन होती.

आणि त्यांचं चूक नव्हतं बरं का. डंगरी हा शब्द आमच्या डोंगरीचाच. किल्ल्याच्या बाजूला जे जाडं सुती कापड विकलं जायचं ते गोऱ्यांच्या तोंडी डंगरी झालं, जहाजावर गेलं, खलाशांच्या विजारी झाल्या. मी सहावीपर्यंत त्याच गल्ल्यांत गोट्या खेळलो आणि नंतर तीस वर्षं तेच कापड कापलं, आणि हा संबंध मला कोणी सांगितला नाही. शाळेत तरी सांगायचा.

उमरावती

चर्चा छान चालू आहे, पण वऱ्हाडचा धागा कोणी ओढला नाही म्हणून घुसतो. (मास्तर, माफी.)

वणीच्या पोरा, तुझ्या चार एकरांचं आणि त्या पॅन्टवरच्या बोंडाचं नातं तुला वाटतं त्याहून जवळचं आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लिव्हरपूलला येणारा गुलामांच्या हातचा कापूस थांबला. लँकेशायरच्या गिरण्या रिकाम्या. मग कोणाकडे बघणार? मुंबईकडे, आणि मुंबईच्या मागे खामगाव, अमरावती, हिंगणघाट. आपला कापूस तिकडे 'उमरास' नावाने विकला जायचा, उमरावतीवरून. माझं टोपणनाव तिथूनच घेतलंय. भाव इतके चढले की वऱ्हाडात बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं सांगतात. मुंबईत तर समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर भजी विकल्यासारखे विकले जात होते, प्रेमचंद रायचंद त्या सगळ्याच्या मध्यभागी.

१८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईच्या बँका बुडाल्या. पण वऱ्हाडची जमीन तोवर ज्वारीकडून कापसाकडे वळायला लागली होती. पुढे कापसासाठी खास आयुक्त नेमला, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. १८७० ला खामगावला रेल्वेचा फाटा आला, उद्घाटनाला व्हाइसरॉय मेयो स्वतः. कशासाठी? गाठी लवकर बंदरात जाव्यात म्हणून.

तिकडे लढाई होऊन गुलामी संपली आणि इकडे आपण कपाशीला बांधले गेलो. गुलामी आणि आपली सावकारी एकच होती असं मी म्हणत नाही, कृपया कोणी तसं वाचू नका. आपल्याला कोणी जहाजात भरून विकलं नाही. पण बोंड तेच, गिरणी तीच, लिव्हरपूलचा भावफलक तोच.

कटिंगमास्तर_कॅम्प५

कापसाच्या आयुक्ताच्या आडनावातच रिव्हेट! हे मी आमच्या जुन्या टेबलवाल्यांच्या ग्रुपवर टाकतोय.

चहाबिस्किट

माझं पहिलं वाक्य मागे घेतो. पॅन्टीला अर्थ असतो. पण मास्तर, नकली कशी ओळखायची तेही सांगा ना, माझ्याकडचीबद्दल आता शंका येतेय.

कटिंगमास्तर_कॅम्प५

तुझी नकलीच आहे. अस्सल असती तर विचारलं नसतंस.

वणीचा_पोरगा

उशिरा लिहितोय, कारण सगळं आईला वाचून दाखवायचं होतं. फोनवर नको म्हटलं, म्हणून परवा शनिवारची गाडी धरून गेलो.

ओसरीवर बसून वाचलं. १६१९ चं आणि जहाजाचं ऐकताना ती सरकी निवडत होती, हात चालू होते. अस्तराची गोष्ट बाबांना जास्त लागली. मग मी माझ्याकडून शोधलेली एक गोष्ट सांगितली, की तिकडच्या मळ्यांवर धडधाकट माणसाकडून दिवसाला दोनशे पौंडांच्या आसपास कापसाची अपेक्षा असायची, म्हणजे नव्वद किलो.

आईचे हात थांबले.

"नव्वद? एका मानसानं? खोटं लिहिलं असंल."

आई आमच्या शेजाऱ्यांतली नावाजलेली वेचणारी. पहिला वेचा चांगला फुटला असेल आणि दव लवकर उडालं असेल तर पन्नासपर्यंत जाते. ते सांगताना दरवर्षी दोन किलो वाढतात, पण तरी पन्नास. तिने मनातल्या मनात हिशेब केला. म्हणाली, "बोंड मोठं असंल तिकडचं. तरीबी नव्वद म्हंजे पाठ सरळ करायची नाही दिवसभर." मी सांगितलं की संध्याकाळी काट्यावर कमी भरलं तर चाबकाचे फटके बसायचे, आणि एखाद्या दिवशी जास्त भरलं तर उद्यापासून तेवढंच मागायचे.

हे तिला लगेच पटलं. "हो, जास्त वेचून दाखवू नये कोनाले," म्हणाली. बाबा तिच्याकडे बघायला लागले. त्यांच्या लग्नाच्या आधी ती दुसऱ्यांच्या वावरात मजुरीने वेचायला जायची, हे मला माहीत होतं, पण त्या काळाबद्दल तिने कधीच काही सांगितलेलं नाही. त्या दिवशीही सांगितलं नाही.

मग तिने जे विचारलं ते मी कुठेच वाचलं नव्हतं. "त्यायचं ओटीचं फडकं कसं व्हतं? कुठी बांधत?"

पीचट्री ताईंना मेसेज करून विचारलं. त्यांनी सांगितलं की पिशवी असायची, पट्टा गळ्यात अडकवलेला, तोंड छातीच्या उंचीवर आणि बूड जवळजवळ जमिनीला. भरली की ओळीच्या टोकाला ठेवलेल्या टोपलीत रिकामी करायची. आईला वाचून दाखवलं तर तिने उभं राहून, रिकामंच, तसं वाकून पाहिलं. मान हलवली. म्हणाली, "गळ्यात नाही बांधत. कमरेले बांधतात. गळ्यात बांधलं त मान जाते." आणि परत सरकीकडे बसली.

पॅन्टचं अजून ठरलं नाही. आईने ती घडी करून तिच्या पेटीत ठेवली आहे, का ते विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, पहिल्याच धुण्यात एका बोंडाचा पांढरा रंग उडायला लागला आहे, तुझ्या त्या मास्तरले विचार काय करावं.

तर मास्तर, विचारतोय.

कटिंगमास्तर_कॅम्प५

पॅन्ट उलटी करून धुवायची. गार पाणी, निरमा कमी, ब्रश अजिबात नको. पिळायची नाही. सावलीत वाळत घाल, दोरीवर मधोमध घडी पडू देऊ नको, कमरेला चिमटे लाव. इस्त्री उलट्या बाजूनेच. हा रबर प्रिंट आहे, तरी तडकणारच, पण दोनेक वर्षं निघतील.

उडालेलं बोंड कपड्याच्या पांढऱ्या रंगाने भरता येतं. बारीक कुंचला घे. आईंना भरू दे, तुला जमणार नाही.